तिसऱ्या दिवशी खुरपं

पासिर रिस, सिंगापूर
१२ ऑगस्ट २००६

ती. आई,
इतक्या लांबून तुला जयभीम.

आम्ही तिघंही मजेत. गुडघा कसा आहे? फोनवर "बराय" म्हणून उडवून लावतेस, म्हणून पत्रात विचारतेय. खरं लिही.

काल आमच्या लॅबमधली वंजिरू जेवायला आली होती. केनियाची आहे. जेवण झाल्यावर सरळ भांडी घासायला उभी राहिली. मी अडवलं तर हसली. म्हणाली, "आमच्यात म्हण आहे, पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती खुरपं द्या."

मी म्हटलं, आमच्याकडे असं केलं तर गावभर बोभाटा होईल!

ती म्हणाली, "खुरपं दिलं की माणूस घरचा होतो."

आई, मला एकदम तू आठवलीस. गेल्या वर्षी तीन महिने राहायला आलीस आणि पंधराव्या दिवशी "करमत नाही" म्हणून परत गेलीस. मी रोज तुझ्या हातातलं लाटणं काढून घ्यायचे, सोफ्यावर बसवायचे. मला वाटायचं, तुला आराम देतेय.

तू कुंडीत लावलेला कढीपत्ता पिवळा पडलाय. मला जमत नाही गं.

धम्मचक्र दिन झाला की ये. लोणचं नको आणूस, तुझं खुरपं आण.

तुझी,
दीक्षा