अर्धी भरलेली बाटली

लालबाग, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

सायलीचा फोन आल्यापासून डोकं तापलंय. माझ्या भावाची ही नात सह्याद्रीतल्या जंगलांच्या पावसावर संशोधन करते. समुद्रावरून थेट आलेलं पाणी आणि झाडांनी पिऊन पुन्हा हवेत सोडलेलं पाणी, यांत हलक्या-जड कणांचं प्रमाण किंचित वेगळं असतं म्हणे. जंगलातल्या पावसाशी ताडून पाहायला समुद्राकाठचा पाऊस लागतो. तो मी चाळीच्या गच्चीवर धरतो.

आज म्हणाली, "आजोबा, प्रत्येक बाटलीतून थोडं तपासायला नेलं होतं ना, त्यात एकीतलं पाणी उडालेलं दिसतंय. आमचे गाईडसर म्हणतात, न शिकलेल्या माणसाच्या सगळ्याच बाटल्या बाद करू."

सगळ्याच? का म्हणून?

ती एक माझी चूक, कबूल. अर्धीच भरली होती. नळाच्या वेळेवर आयुष्य काढलेला माणूस मी, अर्धं भांडं माझ्याच्याने झाकवत नाही. आणखी भरेल म्हणून दिवसभर उघडी ठेवली आणि नेमकं ऊन पडलं. हलकं पाणी उडालं, जड तेवढं उरलं. पण बाकीच्या? काठोकाठ भरलेल्या, बूच घट्ट, प्रत्येकीवर माझ्या हातची तारीख. गिरणीत एक धागा तुटला म्हणून अख्खा ताणा कधी फेकला नाही आम्ही!

"त्यांना सांग, त्या अर्ध्या बाटलीवर मी स्वतः 'चुकली' असं लिहितोय."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर उरलेल्या घेऊन उद्या मीच येतो गो. ओतायच्या तर माझ्यासमोर ओता म्हणावं."

पिशवी भरून दाराशी ठेवलीये.