डोक्यावर एकही टाका नाही

कोन, भिवंडी
१८ मे २०२५

चि. धनेश यास काशीताईचे आशीर्वाद.

तुम्ही सगळे मजेत असाल. तुला काय होतंय म्हणा! फोन तू अर्ध्यात ठेवतोस, म्हणून लिहिते. उन्नती सासरी रुळली का? लेक तुझी गुणाची आहे, बापावर गेली नाही.

तुझ्या माहितीसाठी पुन्हा सांगते. माझी गाठ मेंदूच्या खाली, नाकाच्या मागे होती. डोळ्यांच्या नसा दाबल्या जायच्या, म्हणून मला दोन्ही कडांचं दिसत नव्हतं. डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून ती काढली. डोकं भादरलं नाही, कवटी उघडली नाही. पण तू पडलास अख्ख्या दिघाशी गावात एकटा शहाणा! "मेंदूचं आपरेशन नि केस जाग्यावर? सर्दी काढली असंल!"

आणि मग उन्नतीच्या हळदीत डीजे थांबवून, माईक हातात घेऊन, "ताई, वाक जरा, टाके दाखव." मला वाकायची मनाई आहे म्हटलं, तर मान धरून वाकवलीस. माकडासारखे केस चिवडलेस. "बघा, येक टाका न्हाय!" पाहुणे हसले. माझ्या नाकातून पाणी गळून हळदीच्या ताटात पडलं, तर म्हणतोस, "बोललो ना, सर्दी हाय!"

अरे गाढवा, ते मेंदूभोवतीचं पाणी होतं. गाठ काढल्यावर आतलं बुजवलेलं भोक पुन्हा उघडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा भरती झाले. मांडीची चरबी काढून नाकातूनच भोक बुजवलं. जंतू मेंदूपर्यंत गेले असते, तर तुला माझ्या दहाव्यालाही माईक लागला असता. काल घरी सोडलं.

घरचे नको म्हणत होते, तरी मी हळदीला आले होते. का, ते तू विचारलं नाहीस. मला उन्नती अख्खी बघायची होती, दोन्ही कानांतल्या कुड्यांसकट. दिसली रे, डोळे भरून दिसली. आणि कडेला तू हसताना दिसलास, तेही अगदी स्वच्छ.

परवा बायकोकडून निरोप धाडलास, ताईच्या पाया पडायला येतो म्हणून. स्वतःची जीभ झडली होती का? ये. टाके आता पडलेत, पण मांडीवर, ते काही चारचौघांत दाखवायचे नाहीत. पाया पडताना मात्र तुझं तुलाच वाकावं लागेल. मान धरून वाकवायची आपल्या आईने मला शिकवण दिली नाही.

नाइलाजाने अजून तुझीच,
काशीताई