तीन वेढ्यांची गाठ

४ ऑगस्ट
आले एकदाची लेकीकडे. खोली हवेशीर, खिडकीतून समोरचा बसथांबा दिसतो, म्हणजे करमणूक फुकट. लेक परवापासून कामावर जाणार, नात माझ्या ताब्यात. पाच महिन्यांची चिमणी, पण पांघरूण असं लाथाडते की टाके घालूनच ठेवावं. जावई हसला. माणूस बरा आहे, चहा मात्र पाणचट करतो. ही वही त्यानंच दिली. मी चौथी शिकलेली. चुका काढायच्या असतील त्यानं स्वतः लिहावं.

९ ऑगस्ट
चिमणीच्या झबल्यांची बटणं पक्की केली. चौतीस वर्षं शिंप्याच्या दुकानात हेच केलं. माझी गाठ तीन वेढ्यांची, डाव्या हाताची. शिंपी म्हणायचा, बाई, तुमची गाठ सुटत नाही, कापावीच लागते.

२१ ऑगस्ट
जावयाच्या कोटाचे खिसे कुणीतरी शिवून टाकलेत. आणि विचारतो मला! मी काय रिकामटेकडी आहे? लेक म्हणाली, आई, हल्ली तू फार चिडतेस, पूर्वी अशी नव्हतीस. पूर्वी माझ्यावर कुणी आळ घेत नव्हतं.

२ सप्टेंबर
आता चिमणीच्या झबल्याच्या बाह्यांची तोंडं शिवलेली. लेकीचंच काम, मला इथून घालवायला. मी तिच्या अंगावर कातरी घेऊन धावले म्हणे. म्हणे! जावयानं कातऱ्या, सुऱ्या कुलपात घातल्या. सुई राहिली, माझ्या स्वेटरला टोचलेली.

९ सप्टेंबर
डॉक्टरीण पोरगेलीशी. म्हणाली, विसरायला लागायच्या आधी कधीकधी स्वभाव बदलतो, संशय येतो. तपासण्या करू. भीती वाटली की लिहा, मन ठिकाणावर येईल. लेक रडली. मी तिच्याकडे बघत बसले. काहीच वाटलं नाही. हेच जरा—

१४ सप्टेंबर
बाह्या उसवायला घेतल्या. गाठ पाहिली.
तीन वेढे. डाव्या हाताची.
कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर चिमणीला माझ्याजवळ—

१६ सप्टेंबर
सांभाळायला बाई येणार उद्यापासून. लेकीची रजा संपली, आजचा दिवस मीच. लेक दारातून तीनदा मागे फिरली.

दुपार
हातात सुई. रीळ रिकामं. सकाळी भरलेलं होतं—
पाळण्यात कुणी नाही. पलंगावर पांघरूण, दुमडलेलं, कडेनं सगळं शिवलेलं—
आत हलतंय.
भीती वाटली की लिहा म्हणाली. लिहितेय—
गाठ सुटत नाही. नख तुटलं. कातरी कुलपात, किल्ली जावयाच्या खिशा—
चिमणे, लाथ मार. मार ना—
आता हलत ना