पोच नसलेला अर्ज

आप्पा, काल वस्त्यांचे अर्ज करणाऱ्या आपल्या समितीत नव्या पोरांना मी अर्ज कसा द्यायचा ते शिकवत होते. दोन प्रती काढायच्या, एक खिडकीत द्यायची, दुसरीवर शिक्का, सही, तारीख घ्यायची. पोच हातात पडली तर अर्ज दिला, नाहीतर नुसता कागद टाकून आलात. वाक्य तुमचंच. एक पोरगा म्हणाला, "ताई, नाहीतर आप्पांसारखं होईल ना?" समितीत आता ही म्हणच झाली आहे. सगळे हसले आणि मीही हसले.

ऑर्डनन्स फॅक्टरीतली ड्यूटी संपली की तुम्ही अंबरनाथच्या आपल्या विहारामागच्या खोलीत येऊन बसायचात. कुणाचा मुलगा चौकीत बसवून ठेवलेला, कुणाच्या चाळीचं पाणी तोडलेलं. उल्हासनगर, बदलापूर, कुठून कुठून माणसं यायची. तुम्ही आधी ऐकायचात, मग लिहायचात आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचात. आई कुरकुरायची, "आधी घरचं गळकं छप्पर बघा, मग जगाचं." तुमचं आपलं "हो हो" चालायचं, आणि छप्पर गळतच राहायचं.

उल्हासनगरच्या नाल्याकडेच्या वस्तीला घरं पाडायची नोटीस आली, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. हरकत द्यायचा शेवटचा दिवस होता आणि तुम्हाला रजा मिळेना. तुम्ही अर्ज माझ्या हातात दिलात. मला अजून पालिकेतली ती खिडकी दिसते. आतला माणूस डबा सोडतो आहे. "शिक्का साहेबांच्या कपाटात आहे. ठेवून जा, मारून ठेवतो." बाहेर मैत्रीण ताटकळली आहे, कॉलेजच्या गॅदरिंगसाठी आम्हाला जीन्स घ्यायची आहे. मी कागद ठेवते आणि निघते. दुकानदार शेठ म्हणतो, "ले जा बेटी, एकदम फर्स्ट क्लास माल है." त्या जीन्सच्या शिवणीला दोन धागे लोंबत होते. वस्तीतली मावशी दारात बसून दिवसभर असल्याच जीन्सचे धागे कापायची. रात्री जेवताना तुम्ही विचारलंत, "पोच?" मी म्हटलं, "घेतली. फाइलला लावली." तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. "आता तू तयार झालीस."

थोड्याच दिवसांत बुलडोझर आला. पालिकेचे साहेब म्हणाले, "हरकत आलेलीच नाही. दिली असेल तर पोच दाखवा." सगळी वस्ती तुमच्याकडे बघत होती. तुम्ही हिरवी फाइल उघडलीत. आपल्या प्रतीचा कोपरा कोरा होता. तुम्ही एकदाच माझ्याकडे पाहिलंत आणि फाइल मिटलीत. मावशी बोचकं काखेत धरून उभी होती. "आप्पा, तुमच्या भरवशावर गप बसलो ना आम्ही!" तुम्ही म्हणालात, "अर्ज मीच नेला होता. पोच घ्यायची विसरलो. चूक माझी आहे." मी तुमच्या शेजारी उभी होते, आप्पा. ब्र काढला नाही.

घरी आल्यावर मी बोलणी खायची वाट बघत स्वयंपाकघरात बसून राहिले. तुम्ही जेवलात. "आमटीत मीठ कमी आहे," एवढंच बोललात. एक कानफटात दिली असतीत तर मोकळी झाले असते. त्यानंतर तुम्ही मला कधीच अर्ज घेऊन पाठवलं नाहीत, अर्धी रजा टाकून स्वतः जात राहिलात. खोलीवर येणारी माणसंही हळूहळू कमी झाली. ज्यांना पोच घेता येत नाही त्यांच्याकडे कशाला जायचं, असं कुणीतरी आईच्या तोंडावर बोललं.

मावशी आता वांगणीला भाड्याच्या खोलीत राहते. गेल्या महिन्यात नातवाच्या दाखल्याचा अर्ज करायला आली होती. मी पोच घेऊन तिच्या हातात दिली. तिनं ती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि म्हणाली, "तुझा बाप लाखात एक माणूस. पण ऐन टायमाला विसरला गं." मी म्हटलं, "वय झालं होतं मावशी त्यांचं." तुम्ही तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होतात.

हे पत्र तुमच्यामागे राहिलेल्या त्या हिरव्या फाइलीत, कोऱ्या कोपऱ्याच्या प्रतीमागे ठेवून देईन. वांगणी म्हणजे बदलापूरच्या पुढचं स्टेशन, आज निघाले तर दुपारी परत येईन. अर्ज मी नेला होता, हे सांगायचं आहे ते तिला. तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्हाला ते त्याच दिवशी कळलं होतं.