टेकाडावरचे दगड

३ नोव्हेंबर
राऊ या गावी पोचले. पहिली नोकरी! गावाबाहेरच्या संरक्षित टेकाडाची देखभाल माझ्याकडे. आत इतिहासपूर्व काळातलं दफन आहे, कोणी उकरलेलं नाही. घरमालकीण उषाताईंनी जिरावन मसाला भुरभुरून पोहे दिले. पाचवीपर्यंत बाबांनीच मला घरी शिकवलं. हाती घेतलेलं काम अर्धं टाकून उठायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. तो इथे उपयोगी पडेल.

६ नोव्हेंबर
येणारा-जाणारा टेकाडावर एक दगड ठेवून नमस्कार करतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा थर साचलाय. नियमाप्रमाणे मूळ वास्तूवर नंतरची भर नको. पहारेकरी देवेंद्र भिया (इथे दादाला भिया म्हणतात) हात लावेनात, चहाला म्हणून गेले ते आलेच नाहीत. दिवसभर मीच टोपल्या भरून दगड उतरवले, कुंपणाला कुलूप लावलं. खालची माती विलक्षण मऊ आहे.

७ नोव्हेंबर
उषाताईंना उत्साहाने सांगितलं. त्यांचं लाटणं थांबलं.
"अगं बेटा, तो काय कचरा होता? वजन होतं ते."
 मग पोळी वाढली.

९ नोव्हेंबर
मधली माती वीतभर वर आली आहे. खात्यातल्या साहेबांना फोन केला. घूस असेल, आणि आता तीही संरक्षितच, म्हणून हसले. मला हसू आलं नाही.

१० नोव्हेंबर
दगड परत ठेवतेय. राहत नाहीत. सपाट जागेवरूनही घरंगळतात. माती भेगाळलीय, आतून ढकलल्यासारखी.

११ नोव्हेंबर, दुपार
भेगेतून बोटं. लांब. फार लांब. काही न सुचून मी वर बसले, आणि ते थांबलं. जरा उठले की पुन्हा— देवेंद्र भिया गावाकडे धावलेत.

संध्याकाळ
सगळे आले. प्रत्येकाच्या हातात दगड. मला उतरवा, मग ठेवा, असं मी म्हटलं. मातीवर ठेवलेला पहिला दगड घरंगळला. उषाताईंनी दुसरा हळूच माझ्या मांडीवर ठेवला.
तो राहिला.
सगळ्यांनी पाहिलं.
"उठू नको हं, बेटा." रडत होत्या.
रांग लागलीय. देवेंद्र भिया माझ्याकडे बघत नाहीत. पाय कळेनासे— छातीपर्यंत— खाली सगळं शांत आहे. उजवा हात अजून मोकळा. बाबा, मी काम अर्धं टाकून—