पहिली उकळी दादाची

जेचॉन, २ नोव्हेंबर १९९६

प्रिय मानसक दादास,

ओक्बुनचा नमस्कार. वहिनी, मुलं मजेत असतील. माझा आवाज ऐकलास की फोन ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. फाडायचंच असेल तर निदान वाचून फाड.

बाजारात यंदाची नवी औषधी मुळं आलीत. आपलं जडीबुटीचं दुकान बरं चाललंय. आई तशीच. काढ्याच्या कुठल्याही पुडीत ज्येष्ठमध असतो, तशी गल्लीतल्या कुठल्याही भांडणात ती! म्हणजे, असायची. आता पडून असते.

उन्हाळ्यापासून तिच्या घशाखाली अन्न उतरत नाही. मी काढा उकळला, तागाच्या फडक्यात घालून दोन काठ्यांनी पिळला. पहिल्या घोटाला म्हणाली, "हे काय, भांडी विसळलेलं पाणी? मन लावून उकळावं लागतं, कार्टे!" दुसऱ्या घोटाला सगळं ओकली. मग मधात वळलेल्या गोळ्या दिल्या. त्या गालात धरून ठेवायची आणि माझी पाठ वळली की उशीखाली सारायची. चूर्णाने ठसका लागतो. आता उरलंय फक्त चाटण.

मोठ्या दवाखान्यातही नेलं होतं. "घरी न्या," म्हणाले. बाकी काही नाही. घे, लिहिलं एकदाचं.

दादा, बाबांना माती दिली त्या दिवशी तू तिला म्हणालास, "तुझ्या गवताच्या पाण्यानेच मारलंस त्यांना." ती एक शब्द बोलली नाही. आपली आई, आणि गप्प बसली! मला अजून त्याचाच राग येतो, तुझाही येतो.

दर थंडीच्या तोंडावर माझ्या नावाने तुला तयार काढ्याच्या पिशव्या येतात ना? तो काढा मी कधीच उकळला नाही, आईच उकळायची. मला चुलीपाशी उभीसुद्धा करायची नाही ती. "माझं नाव टाकू नकोस हं, मोरीत ओतेल मेला," म्हणायची. पहिली उकळी तुझी. मग दोन पुड्यांचा चोथा एकत्र करून पुन्हा उकळायचा, ते पाणी तिचं. भांडले मी, "अगं, निदान एक वाटी तरी ताजा घे." तर म्हणे, "म्हाताऱ्या हाडांना काय करायचाय जिनसेंग? मला चोथा पुरे."

यंदा पिशव्या येणार नाहीत.

चाटणाची एक बरणी तेवढी आहे. घंटाफुलाची मुळं आणि नाशपाती, अंथरूण धरायच्या आधी तिनेच आटवलेली. काल म्हटलं, यातलं बोटभर तरी जाईल पोटात. झाकणाला हात लावला तर तिने माझं मनगट धरलं. कुठून आणलं बळ, कोण जाणे. "राहू दे. त्याला थंडीत खोकला होतो."

मी खूप रडले रे. तिच्यासमोरच रडले.

बरणी मी पाठवणार नाही. ये आणि तुझ्या हाताने उघड. मी भरवायला गेले की ती तोंड घट्ट मिटते. तू भरवलंस तर नाही म्हणायची नाही. माफीबिफी मागत बसू नकोस, ती ऐकून घेणार नाही. खोकला कसा आहे, एवढंच विचारेल. तू फक्त चमचा घेऊन बस. पण लवकर ये.

तुझं नाव ती काढत नाही. दार वाजलं की मान मात्र वळवते.

बरणी न उघडता बसलेली,
तुझी ओक्बुन