बुधवारी मोडलेलं बोट

पप्पा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. माझ्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट शुक्रवारी मोडलं, असं तुम्ही शेवटपर्यंत धरून चाललात. ते बुधवारी मोडलं होतं. सांगायचं आहे ते एवढंच, पण एवढंच सांगून भागणार नाही.

त्या वर्षी मी अठरा वर्षांचा होतो आणि दोन ठिकाणी हवा होतो. अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या फुटबॉल कोचने मला चर्चच्या मुलांच्या टीमकडून गोलकीपिंग करताना पाहिलं होतं. फी, राहणं, जेवण, चार वर्षं सगळं कॉलेज देणार होतं. फक्त शुक्रवारी सकाळी इथे अबू धाबीत, खलिफा सिटीतल्या एका शाळेच्या मैदानावर शेवटची ट्रायल व्हायची होती. आणि अबू धाबीतल्याच एका ट्रेडिंग कंपनीला आपल्या क्रिकेट टीमसाठी विकेटकीपर हवा होता. व्हिसावर क्लर्क लिहिणार, काम खेळण्याचं. कंपनीचा मॅनेजर घरी आला, मम्मीने तळलेले बोंबील त्याने तीनदा मागून घेतले आणि मला म्हणाला, "बेटा, ऑफिस में कुर्सी मिलेगी, बस उस पे बैठने का टाइम नहीं मिलेगा." पगार साडेतीन हजार दिरहम. मम्मीने त्याच्यासमोरच रुपये केले. "बेचाळीस हजार! वसईत बँकेच्या मॅनेजरला नसतील." तुम्ही हसला नाहीत.

तो गेल्यावर तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिलात. मम्मी तव्यावरचं तेल गाळत होती. ती म्हणाली, "इथे राहील, डोळ्यांसमोर. अमेरिकेला गेलेलं पोर परत येतं का कधी?" तुम्ही म्हणालात, "डोळ्यांसमोर राहून काय करील? बोटं चालतात तोवर पगार. बांधकामाच्या साइटवरचा टाइमकीपर म्हणजे काय ते मला विचार. आयुष्यभर दुसऱ्यांचे तास लिहायचे." मम्मी म्हणाली, "मग त्यालाही घेऊन जा तुमच्या गेटवर, अंगठा लावायला." मग तुम्ही माझ्याकडे वळलात. ट्रायल दे, म्हणालात, नंतर तुला वाटेल ते कर, मी एक शब्द बोलणार नाही. पण शुक्रवारपर्यंत क्रिकेटचा बॉल हातात घ्यायचा नाही. शब्द दे. मी शब्द दिला.

बुधवारी फिजिक्सच्या ट्यूशनला जातो असं सांगून मी कंपनीच्या प्रॅक्टिसला गेलो. का गेलो हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. मला क्रिकेटच हवं होतं असं मी बरीच वर्षं मानत होतो. तसं नव्हतं. मॅनेजरचा फोन आला, "यल्ला, आज आ जा, सब देखना चाहते हैं," आणि मला नाही म्हणता आलं नाही. कॉलेजलाही म्हणता आलं नसतं. कुणीतरी माझ्यासाठी ठरवून टाकावं असं मला वाटत होतं, आणि तुम्ही तर ठरवायला माझ्यावरच सोडलं होतं. एक बॉल बॅट्समनच्या पायाकडून निघाला, ग्लोव्हच्या टोकावर बसला. आवाज मी ऐकला. ग्लोव्ह न काढता आणखी वीस मिनिटं उभा राहिलो, कारण सगळे बघत होते. परत येताना ग्रोसरीतून गोठलेली पाण्याची बाटली घेतली आणि बसमध्ये ती मुठीत धरून बसलो. गुरुवारी मी चमच्याने जेवलो. मम्मी म्हणाली, "जायच्या आधीच साहेब झाला बघा." तुम्ही पेपर वाचत होता.

आता कपाचं सांगतो. सुट्टीत तुम्ही मला एकदा मुसाफ्फाला तुमच्या साइटवर नेलं होतं. मी बारा वर्षांचा असेन. सकाळी बसमधून माणसं उतरतात, एकेक जण तुमच्या टेबलासमोरून जातो, तुम्ही नंबर लिहिता. मग चहा येतो आणि तुम्ही लिहिणं थांबवून नुसते बघत बसता. एक सुतार डाव्या हाताने कप धरून उभा आहे. तुम्ही त्याला बोलावता, "दायाँ हाथ दिखा." तो म्हणतो, "कुछ नहीं साब, ठीक है." मनगट सुजून कोपरापर्यंत निळं झालेलं. पगार कापतील म्हणून तो दोन दिवस तसाच काम करत होता. तुम्ही त्याला दवाखान्यात पाठवता आणि रजिस्टरात हजर मांडता. मला म्हणता, "चेहऱ्याकडे बघू नये, चेहरा ते सांभाळतात. कप कुठल्या हातात आहे ते बघायचं. लपवतात, मग हाड वाकडं बसतं."

शुक्रवारी सकाळी तुम्ही माझ्यासमोर चहा ठेवलात आणि स्वतःचा न पिता बसून राहिलात. मी कप उजव्या हातात घेतला. चारही बोटं कपाच्या कानात घातली आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. तुम्ही विचारलंत, "सगळं बरं ना?" मी म्हटलं, "हो पप्पा." तुम्ही उठलात आणि गाडीची किल्ली घेतलीत. मला ते तुम्हीच शिकवलं होतं आणि मी ते तुमच्यावर वापरलं.

ट्रायल तुम्ही पाहिलीच आहे. पहिली दहा मिनिटं मी बरा खेळलो. मग डाव्या खांबाकडे झेप घेतली, बॉल अडवला आणि उठता आलं नाही. तुम्ही कुंपणाच्या पलीकडून धावत आलात. तुम्हाला धावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हॉस्पिटलात तुम्ही इन्शुरन्सचं कार्ड घेऊन काउंटरवर गेलात, तेवढ्यात तो इजिप्तचा डॉक्टर माझं बोट उलटसुलट करून म्हणाला, "हबीबी, हे आजचं नाही. दोन दिवसांचं आहे. आज तू त्याचा भुगा केलास." मी त्याला म्हटलं, वडिलांना सांगू नका. त्याने दाराकडे पाहिलं, खांदे उडवले. तुम्ही आत आलात तेव्हा तो एवढंच बोलला, "कीपिंग खलास." दोन्ही खेळांतलं.

कॉलेजने सभ्य पत्र पाठवलं. कंपनीने, बरा झालास की ये, इन्शाल्ला, असं म्हणून महिन्याभरात कराचीचा एक मुलगा घेतला. बोट मिटेनासं झालं, ते आजही मिटत नाही. घरी मम्मी तुमच्याशी बोलेना. ताट समोर ठेवायची आणि निघून जायची. एका संध्याकाळी ती भांडी घासताना म्हणाली, "तुम्हाला मुलगा अमेरिकेला दाखवायचा होता. दाखवलात." मी पलीकडच्या खोलीत होतो. पाच पावलांवर. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही ओरडला असता, कदाचित हात उचलला असता, आणि मला खात्री आहे, दुसऱ्या दिवशी मलाही हजर मांडलं असतं. तरी मी गेलो नाही. पहिल्या आठवड्यात भीती होती. नंतर सोयीचं झालं. मी काय निवडलं असतं, हे आता मला कुणीच विचारत नव्हतं. सगळ्यांना मिळून एक उत्तर मिळालं होतं आणि ते तुम्ही होता.

वसईच्या हॉस्पिटलात तुमच्या शेवटच्या आठवड्यात मी दहा दिवसांची रजा काढून आलो. तुम्ही माझा उजवा हात मागितलात आणि ते बोट दोन बोटांत धरून मिटवून बघत राहिलात. मग म्हणालात, "मी तुला पाठवायला नको होतं. माफ कर मला." त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नव्हतं, घाई नव्हती. मी म्हटलं, "पप्पा, मी केव्हाच माफ केलं." तुम्ही डोळे मिटलेत. नंतर फादर आले, पापनिवेदन ऐकायचं म्हणून आम्ही बाहेर जाऊन थांबलो. आत तुम्ही माझं बोटही सांगितलं असणार.

मम्मी आता आमच्याकडे असते, अबू धाबीतच अल रीम आयलंडवर, एकविसाव्या मजल्यावर. तुमची नात सोळा वर्षांची आहे. परवा जेवताना तिने विचारलं माझं बोट असं का, आणि माझ्याआधी मम्मीच बोलली. तुझ्या आजोबांची हौस, म्हणाली, त्यांनी घालवला याचा हात. "दॅट्स सो सॅड, ग्रॅनी," पोरगी म्हणाली. मी भात वाढून घेत म्हटलं, "जाऊ दे मम्मी, पप्पांना काय माहीत होतं." मम्मीने माझ्याकडे पाहिलं आणि नातीला म्हणाली, "बघ. इतकं होऊन एक शब्द बोलला नाही कधी बापाला. देवाने मन मोठं दिलंय."

हे मी ऑफिसात लिहितो आहे, घरी मम्मीच्या हाती लागेल म्हणून. निघताना श्रेडरमध्ये टाकीन. ती तसं म्हणते तेव्हा मी मान खाली घालतो आणि घरच्यांना वाटतं, याला संकोच होतो. संकोच नाही, पप्पा. मला ते ऐकायला बरं वाटतं.